जोडीदाराचे गंभीर आजारपण आणि ख्रिस्ती प्रार्थना

पती किंवा पत्नी गंभीर आजारी असताना दुसऱ्या जोडीदाराने केलेली प्रार्थना, तिला आधार देणारी शास्त्रवचने व चर्चचे विधी आणि त्या काळात श्रद्धेवर येणारा ताण, यांचा हा विषय आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना कुणीही करू शकतो. जोडीदाराची गोष्ट मात्र वेगळी असते. रात्री उशाशी बसणारा तोच, संमतिपत्रावर सही करणारा तोच आणि या आजाराने ज्याचे स्वतःचे आयुष्य विस्कटले आहे असा माणूसही तोच. त्यामुळे देवाजवळ आपण दुसऱ्यासाठी बोलतो आहोत की स्वतःसाठी, हे पुष्कळदा त्याचे त्यालाच सांगता येत नाही. ख्रिस्ती परंपरेने ही सरमिसळ दोष मानलेली नाही. विवाहाने दोघे एकदेह होतात, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील कल्पना येशूने आणि प्रेषित पौलाने दोघांनीही उचलून धरली आहे. तेव्हा एकाच्या देहासाठी मागणे हे काही अंशी स्वतःसाठी मागणे होणारच.

या प्रार्थनेची सुरुवात खरे तर लग्नाच्या दिवशीच होते. आजारपणात आणि आरोग्यात साथ देईन, हे वचन मध्ययुगीन इंग्लंडच्या विवाहविधीत होते. तिथून ते १५४९ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात आले. कॅथलिक विधीतही त्या आशयाचे शब्द आहेत. वेदीसमोर उभ्या असलेल्या तरुण जोडप्याचे तेव्हा त्या शब्दांकडे फारसे लक्ष नसते. वर्षानुवर्षांनी निदानाचा कागद हातात पडल्यावर मात्र हेच वाक्य आठवते, आणि ते आधार वाटते तसे ओझेही वाटते.

शास्त्राधार : शुभवर्तमानांत एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. येशूकडे आजाऱ्यांसाठी गाऱ्हाणे घेऊन येणारे पुष्कळ आहेत. मुलीसाठी आलेला याईर आहे, लेकीसाठी हट्ट धरणारी कनानी आई आहे, भावासाठी निरोप धाडणाऱ्या मार्था आणि मरिया आहेत, चाकरासाठी आलेला रोमी शताधिपती आहे. पेत्राच्या सासूच्या तापाचीही हकिगत आहे. पण आजारी बायकोसाठी आलेला नवरा किंवा आजारी नवऱ्यासाठी आलेली बायको चारही शुभवर्तमानांत कुठे भेटत नाही. म्हणून अशा प्रसंगातील जोडीदाराला आपला दाखला दुसऱ्या नात्यांतून उचलावा लागतो. बहुतेकांना जवळची वाटते ती मार्कच्या दुसऱ्या अध्यायातील हकिगत. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण खाटेवर घालून आणतात आणि गर्दीतून वाट मिळेना म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. रुग्णाला स्वतःला विश्वास धरण्याचे त्राण नसेल तर त्याच्या वतीने दुसऱ्याने तो धरायचा, या पाळकीय शिकवणीचे मूळ इथे आहे.

जुन्या करारात दोन पत्नी आठवतात आणि दोन्ही कथा अवघड आहेत. ईयोबाची पत्नी त्याला ‘देवाला शाप दे आणि मर’ असे सांगते. प्राचीन चर्चचे धर्मवेत्ते ऑगस्टीन यांनी तिला सैतानाची साहाय्यक म्हटले आणि पुढे शतकानुशतके तिची तीच प्रतिमा राहिली. पण जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात याच ठिकाणी तिचे मोठे भाषण आहे. मुले गेली, आपण मोलमजुरीसाठी घरोघर भटकतो, कष्टांतून आणि दुःखांतून सुटका व्हावी म्हणून सूर्य कधी मावळतो याची वाट पाहतो, असे ती त्यात म्हणते. आजाऱ्याची उस्तवार करून थकलेल्या माणसाचे हे बोलणे आहे. त्या एका वाक्यावरून तिचा निवाडा करणाऱ्यांनी हा परिच्छेदही वाचायला हवा होता. दुसरी पत्नी यहेज्केलची. ‘तुझ्या डोळ्यांना प्रिय असलेली’ एका आघाताने नेईन, पण तू शोक करू नकोस, असे देव त्याला बजावतो. सकाळी तो लोकांशी बोलतो, संध्याकाळी पत्नी मरते. ही आज्ञा यरुशलेमच्या नाशाचे चिन्ह म्हणून एका संदेष्ट्याला दिलेली होती. रडणे हे अविश्वासाचे लक्षण आहे, असे तिच्या आधाराने सांगणे चूक आहे. लाजारच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला.

तक्रार : स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांपैकी बहुतेक शेवटी तरी स्तुतीकडे वळतात. ८८ वे स्तोत्र वळत नाही. माझे मित्र तू दूर नेलेस, असे म्हणत ते अंधारातच संपते. प्रार्थना करूनही दुखणे वाढतच असते, तेव्हा मंडळीतल्या आनंदी गीतांत जोडीदाराला सूर मिसळता येत नाही. त्या वेळी हे स्तोत्र उपयोगी पडते, कारण देवाविरुद्धची तक्रार इथे देवाकडेच केलेली आहे आणि ती पवित्र शास्त्रात जपून ठेवलेली आहे. अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत येशूने केलेल्या प्रार्थनेलाही दोन भाग आहेत. आधी हा प्याला टळो ही स्पष्ट मागणी आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे होवो हे समर्पण. धीर देणारी माणसे पुष्कळदा पहिला भाग गाळून थेट दुसऱ्यावर येतात. मागणीच होऊ दिली नाही तर उरते ते नुसते मुकाट्याने मान डोलावणे.

विश्वास कमी पडल्याचा आरोप : या काळात सर्वांत जास्त इजा करणारे वाक्य बाहेरून नव्हे, मंडळीतूनच येते. विश्वास पुरेसा असता तर ती बरी झाली असती, हे ते वाक्य. प्रार्थनेने आजार बरे होण्यावर भर देणाऱ्या काही पेंटेकॉस्टल व करिष्माई प्रवाहांत ते उघड बोलले जाते, इतरत्र सूचित केले जाते. नव्या कराराचा दाखला त्याला पुरत नाही. पौलाने आपल्या देहातला काटा काढून घेण्याची तीनदा विनंती केली. काटा तसाच राहिला, ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढे उत्तर मिळाले. त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला, त्रफिमाला मात्र त्याने मिलेतात आजारीच सोडले. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. हा प्रेषित आणि त्याच्या भोवतालची ही तीन माणसे पाहिली, तर विश्वासाच्या मापाने आरोग्य मिळण्याचा हिशेब मांडता येत नाही.

विधी : याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये यावरच अभ्यंगाचा, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा, संस्कार उभा आहे. पश्चिमेत तो हळूहळू मृत्यूशय्येपुरता उरला आणि ‘अंतिम अभ्यंग’ झाला. धर्मगुरू दारात दिसले की आता संपलेच, असे घरच्यांना वाटे. म्हणून त्यांना बोलावणे लांबणीवर पडे. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी नसल्याचे स्पष्ट केले आणि पोप सहाव्या पॉलने १९७२ मध्ये नवा विधी ठरवून दिला. धर्मगुरू काही न बोलता रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवतात. मग अंगठा तेलात बुडवून कपाळावर आणि दोन्ही हातांवर लावतात, जमलेली माणसे ‘आमेन’ म्हणतात. सारा विधी थोड्या मिनिटांत होतो. दुखणे बळावले किंवा मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर तो पुन्हा करता येतो. ऑर्थोडॉक्स परंपरेत तो लांब आहे. शक्य तर सात धर्मगुरू, सात पत्रवाचने, सात शुभवर्तमान वाचने आणि सात वेळा तेल. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाच्या १५४९ च्या आवृत्तीत अभ्यंग होते, १५५२ मध्ये ते वगळले गेले. आज अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ते पुन्हा दिसते. ११ फेब्रुवारी हा जागतिक रुग्णदिन पोप दुसऱ्या जॉन पॉलने १९९२ मध्ये ठरवला. फ्रान्समधील लूर्द येथील मरियेच्या स्मरणाचा तो दिवस आहे.

औषध आणि प्रार्थना : मुख्य प्रवाहातील चर्चने या दोहोंत वैर मानलेले नाही. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स बायबलातील सीराखच्या ग्रंथात वैद्याचा मान राखा, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असे सांगितले आहे आणि लगेच प्रार्थना करायलाही सांगितले आहे. चौथ्या शतकात बिशप बेसिलने आजच्या तुर्कस्तानातील कैसरियाजवळ रुग्णांची व गरिबांची सोय करणारी मोठी संस्था उभारली. मेरी बेकर एडी यांनी १८७९ मध्ये स्थापलेला क्रिश्चन सायन्स हा पंथ औषधाऐवजी प्रार्थनेवर भर देतो. तो अपवाद आहे. यंत्रावरील उपचार थांबवण्याचा निर्णय हा यातला अधिक कठीण प्रश्न. बरे कर अशी प्रार्थना करणाऱ्याने श्वसनयंत्र काढायला होकार दिला तर तो अविश्वास ठरतो का? कॅथलिक शिकवण याला नकारार्थी उत्तर देते. पोप बाराव्या पायसने १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितले होते, की असाधारण उपाय करत राहण्याचे बंधन नाही. तरीही २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वाढलेल्या कर्करोगाच्या ३४५ रुग्णांच्या अमेरिकी पाहणीत, श्रद्धेचा आधार अधिक घेणाऱ्यांना शेवटच्या आठवड्यात यंत्रावरचे उपचार अधिक प्रमाणात मिळाल्याचे दिसले. चमत्काराला वाव ठेवावा ही भावना त्यामागे असू शकते.

प्रार्थनेचा गुण येतो का, हे मोजण्याचेही प्रयत्न झाले. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हृदयरोग विभागातील ३९३ रुग्णांवरच्या प्रयोगात प्रार्थना झालेल्यांची स्थिती काही बाबतींत बरी आढळली. २००६ च्या मोठ्या प्रयोगात बायपास झालेले १,८०२ रुग्ण होते. त्यात प्रार्थनेने फरक पडला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना नक्की ठाऊक होते, त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के आणि ज्यांना खात्री नव्हती अशा, प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के निघाली. अनेक धर्मवेत्त्यांना हे प्रयोगच मुळात गैरलागू वाटले. अनोळखी माणसाने दिलेल्या नावासाठी ठरावीक वाक्य म्हणणे आणि बायकोच्या पलंगाशेजारी बसून नवऱ्याने काकुळतीला येणे, ही एकच क्रिया मानायची कशी, हा प्रश्न रास्त आहे. २००१ च्या एका अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. देवाने आपल्याला टाकले किंवा शिक्षा केली, असे मानणाऱ्या वयस्क रुग्णांत पुढच्या दोन वर्षांतील मृत्यूचे प्रमाण जास्त होते. आजाराचा अर्थ आपण काय लावतो, यालाही वजन आहे, हे त्यातून दिसते.

प्रत्यक्षात : आजारपण लांबले की प्रार्थना आखूड होते. सुरुवातीला उपवास, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), साखळी-प्रार्थना (अनेकांनी आळीपाळीने केलेली प्रार्थना) असतात. सहा महिन्यांनी औषधांच्या वेळा आणि चादरी बदलणे यांतून ‘प्रभू, दया कर’ एवढेच उरते. परंपरा त्यालाही प्रार्थनाच म्हणते. काय मागावे हे न कळणाऱ्यासाठी आत्मा स्वतः मध्यस्थी करतो, असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे. अशा वेळी जपमाळ, प्रभूची प्रार्थना, पाठ असलेले स्तोत्र कामी येते. नवे शब्द जुळवावे लागत नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला जोडीदाराचे नाव आठवत नसताना लहानपणीची प्रार्थना तो सोबत म्हणू लागतो, असेही दिसते. अमेरिकेतील धर्मशिक्षक रॉबर्टसन मॅक्विल्किन यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या पत्नीच्या सेवेसाठी १९९० मध्ये महाविद्यालयाचे अध्यक्षपद सोडले. ती २००३ पर्यंत जगली. ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांचा अनुभव निराळा. मार्च १९५७ मध्ये रुग्णालयात आजारी पत्नीच्या पलंगाशी धर्मगुरूंनी त्यांचे लग्न लावले आणि तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. कर्करोग आश्चर्यकारकरीत्या ओसरला, दोघांना काही वर्षे मिळाली, मग तो उलटला आणि जुलै १९६० मध्ये ती गेली. श्रद्धेचे जाहीर समर्थन करणाऱ्या या लेखकाने त्यानंतरची आपली देवावरची चीड टोपणनावाने छापली.

सुटका व्हावी अशी इच्छा मनात येणे आणि तिच्याबद्दल अपराधी वाटणे, हेही पाळकांना वारंवार ऐकावे लागते. मरणाऱ्याला देवाच्या हाती सोपवण्याच्या प्रार्थना बहुतेक सर्व चर्चमध्ये आहेत आणि जोडीदाराने त्या स्वतः म्हणायला हरकत नाही. मृत्यूनंतर मात्र परंपरांच्या वाटा वेगळ्या होतात. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स जोडीदार मृतासाठी प्रार्थना चालू ठेवतो, मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) अर्पण करवतो. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मृतासाठी मागणे थांबवून मागे राहिलेल्यासाठी प्रार्थना करतात.