कोरोना लसीकरणाबाबत आरोग्य कर्मचाऱ्यांची जाणीव आणि दृष्टिकोन (कोल्हापूर जिल्हा)

कोरोना प्रतिबंधक लसीविषयी आरोग्य कर्मचाऱ्यांना असलेली माहिती आणि ती घेण्याची तयारी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहणी करताना त्यांची सरमिसळ हमखास होते. कोल्हापूरच्या बारा तालुक्यांत या कर्मचाऱ्यांत कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिका, इचलकरंजीच्या आयजीएम या सरकारी रुग्णालयातील कर्मचारी, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील आरोग्यसेवक-सेविका, आशा, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेचे चालक आणि सफाई कामगार असे सगळे येतात. खाजगी दवाखान्यांतील कर्मचारीही त्यातच मोडतात, पण यादीत सुटतात ते बहुधा तेच.

देशात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले ते याच गटापासून. कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लसींना ३ जानेवारीला आपत्कालीन परवानगी मिळाली होती. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा आलेले नव्हते आणि ती घेताना संमतीपत्रावर सही करावी लागे. त्यामुळे ‘थोडं थांबून बघू’ म्हणणाऱ्यांत डॉक्टरही होते. याला अज्ञान म्हणता येत नाही. पुरावा मागणारा माणूस आणि अफवेला भुललेला माणूस पाहणीच्या तक्त्यात एकाच रकान्यात पडतात, हा तक्त्याचा दोष.

अफवेच्या बाजूला ठरावीक गोष्टी दिसतात: लसीनेच कोरोना होतो, मूल होत नाही, लसीमुळे आरटीपीसीआर पॉझिटिव्ह येते. कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला विषाणू असतो; कोविशिल्डमध्ये चिंपांझीच्या, वाढू न शकणाऱ्या ॲडेनोव्हायरस या दुसऱ्या विषाणूवरून कोरोनाच्या काट्यासारख्या प्रथिनाचा (स्पाइक प्रोटीन) जनुकीय संकेत शरीरात जातो. दोन्हींपासून कोरोना होऊ शकत नाही. मात्र डोसनंतर लगेच संरक्षण मिळत नाही, दुसऱ्या डोसनंतर साधारण दोन आठवडे जावे लागतात. त्या मधल्या काळात लागण झाली की ‘लस घेऊनही झाला’ ही गोष्ट वॉर्डभर होते.

प्रत्यक्ष अडचण बहुतेकदा ड्यूटीची असते. कोविशिल्डच्या पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी, दंड दुखणे हे नेहमीचेच. एका वॉर्डातील सर्वांना एकाच दिवशी टोचले तर दुसऱ्या दिवशीचे ड्यूटीपत्रक कोलमडते. म्हणून पाळ्या वाटून द्याव्यात. रोजंदारीवरच्या सफाई कामगाराचा प्रश्न याहून साधा: ताप आला तर खाडा कोण भरून देणार? गरोदर महिलांना सुरुवातीला लस नव्हती, ती परवानगी जुलै २०२१ मध्ये आली. तोवर अनेक तरुण परिचारिका नाइलाजाने बाहेर राहिल्या, पण नकार देणाऱ्यांत मोजल्या गेल्या.

माहितीची खरी परीक्षा टोचणाऱ्याच्या हातात होते. डोस ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत. साठवण २ ते ८ अंश सेल्सिअसला. गोठलेली कुपी फेकायची. कोविशिल्डच्या कुपीत १० डोस; कुपी उघडल्याची वेळ लेबलवर लिहून ४ तासांत संपवायची. गगनबावडा किंवा चंदगडसारख्या तालुक्यातील वाडीवर आठच माणसे आली, तर दोन डोस वाया घालवायचे की आठ जणांना परत पाठवायचे, हा निर्णय सेविकेलाच घ्यावा लागतो. टोचल्यावर ३० मिनिटे थांबवून घेणे गर्दीत सर्वांत आधी सुटते; तीव्र ॲलर्जी बहुधा त्याच वेळात उमटते.

विश्वासाला सर्वाधिक तडा दोन डोसांमधील बदलत्या अंतराने गेला. कोविशिल्डचे २८ दिवस मार्च २०२१ मध्ये सहा ते आठ आठवडे झाले आणि मे महिन्यात १२ ते १६. जास्त अंतराने प्रतिसाद चांगला मिळतो, हे कारण शास्त्रीय होते; पण त्याच काळात पुरवठा तुटका असल्याने ‘लस नाही म्हणून तारीख ढकलली’ असे गावकरी आशाताईंना तोंडावर सुनावत. अंतर बदलल्याचे परिपत्रक बहुधा आशाताईंच्या आधी व्हॉट्सॲपवर गावात पोहोचलेले असे.

पाहणी करणाऱ्याने वरिष्ठांसमोर प्रश्नावली भरून घेऊ नये. तिथे सगळेच ‘हो’ लिहितात. ‘लस घ्याल का?’ यापेक्षा दोन्ही डोसच्या तारखा विचाराव्यात आणि त्या कोविन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवरील प्रमाणपत्राशी ताडून पाहाव्यात. १० जानेवारी २०२२ पासून, दुसऱ्या डोसला नऊ महिने झालेल्यांसाठी, सुरू झालेल्या तिसऱ्या, म्हणजे खबरदारीच्या डोसची तारीखही त्यातच घ्यावी. पहिल्या डोसला रांगेत पुढे असलेला तिसऱ्याला आला की नाही, ते तिथेच कळते.