'नाम'चं 'नेम' कसं झालं?

चौदाव्या शतकातला इंग्रज नावाला 'नेम' म्हणत नसे, तो साधारण 'नामऽ' म्हणायचा. आपल्या 'नाम'शी हे साम्य योगायोगाचं नाही, दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे. सरदार या अर्थाचा 'नाइट' तेव्हा जवळपास 'क्निख्त' होता. म्हणजे सुरुवातीचा के आणि मधला घशातला जी-एच, दोन्ही ऐकू येत.

मग साधारण 1400 ते 1700 या काळात दीर्घ स्वर तोंडात एकेक पायरी वर सरकले. आ-चा ए झाला ('नामऽ'चं 'नेम'), ए-चा ई ('फेट'चं 'फीट'), ओ-चा ऊ ('मोन'चं 'मून'). ई आणि ऊ आधीच सगळ्यात वरच्या पायरीवर. त्यांना आणखी वर जागा नव्हती, म्हणून ते फुटले: 'टीमऽ'चं 'टाइम', 'हूस'चं 'हाउस'. स्कॉटलंडमध्ये अजून 'हूस' ऐकू येतं. डॅनिश भाषातज्ज्ञ ओटो येस्पर्सन यांनी या उलथापालथीला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' हे नाव दिलं. ती का झाली, यावर अजून एकमत नाही.

ऱ्हस्व स्वर मात्र जागचे फारसे हलले नाहीत. म्हणून 'चाइल्ड' पण 'चिल्ड्रन', 'वाइज' पण 'विज्डम'. 'ग्रेट', 'ब्रेक', 'स्टेक' वाटेतच थांबले, त्याच ई-ए स्पेलिंगचं 'मीट' पुढे गेलं.

इंग्रजीत स्पेलिंग एक आणि उच्चार दुसराच, हा घोळ झाला तो वेळेमुळे. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छपाईने स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, उच्चार चालतच राहिले. त्यात पंडितांनी भर घातली: 'डेट' (कर्ज) फ्रेंचमधून बी-शिवायच आला होता, लॅटिन 'डेबिटुम'शी नातं दाखवायला त्यात बी घुसडला. तो बोलण्यात मात्र कधी रुजला नाही.

मग स्पेलिंग सुधारत का नाहीत? नोआ वेब्स्टरने प्रयत्न केला. त्याच्या 1828 च्या कोशातलं यू गाळलेलं 'कलर' अमेरिकेत रुजलं, 'टंग'साठी सुचवलेलं टी-यू-एन-जी पडलं. आता तर इंग्रजी ही मातृभाषा नसणारे बोलणारेच जास्त आहेत. उच्चाराप्रमाणे लिहायचं, तर कुणाच्या? लंडनकर 'काऽ' म्हणतो, शिकागोकर जीभ वळवून र काढतो, पुणेकर ठणठणीत 'कार' म्हणतो. सी-ए-आर तिघांनाही वाचता येतं.