बॅडमिंटनचे फूल आणि पुण्याचा वारा

बॅडमिंटन हे मुळात एका वाड्याचे नाव आहे. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात ब्यूफोर्टच्या ड्यूकांचा 'बॅडमिंटन हाउस' नावाचा प्रशस्त वाडा आहे, आणि त्याचेच नाव या खेळाला मिळाले. मात्र सुरुवातीच्या काळात हाच खेळ 'पूना' या नावानेही ओळखला जात असे, ही गोष्ट खुद्द पुण्यातही फार थोड्यांना ठाऊक असते.

लहान फळीने पिसांचे फूल हवेत उडवत ठेवण्याचा खेळ युरोपात आणि आशियात फार जुना आहे. त्यात हारजीत नव्हती. फूल जमिनीवर पडू न देणे एवढाच त्याचा हेतू होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भारतातील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी मध्ये जाळे बांधले, आणि एकमेकांना सांभाळून घेण्याचा खेळ एकमेकांना चकवण्याचा झाला. पुण्याच्या छावणीत तो विशेष रुजला आणि त्याचे पहिले नियम 1873 मध्ये तेथेच तयार झाले, असे मानले जाते. माझ्या मते खेळाचा खरा जन्म जाळे बांधले गेले तेव्हाच झाला, मग नाव वाड्याचे पडो की गावाचे.

हे सारे उघड्या मैदानावर चालत असे, आणि अडचण तिथेच होती. वारा किंवा पाऊस असला की खेळाडू फुलाऐवजी लोकरीचा चेंडू घेत; दक्षिणेत तंजावरकडे खेळला जाणारा बॉल बॅडमिंटन त्याच घराण्यातला. मैदानी खेळासाठी फुलाला कधीकधी शिसे लावून जड केले जाई, असेही उल्लेख आहेत.

एवढी खटपट का करावी लागे, हे फूल हातात घेतले की कळते. बुचाच्या गोल टोकात सोळा पिसे गोलाकार खोवलेली असतात आणि सगळ्यांचे मिळून वजन जेमतेम पाच ग्रॅम भरते. पिसे बदकाची किंवा हंसाची असतात आणि ती पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची घेतात. त्यामुळे प्रत्येक पीस शेजारच्यावर एकाच दिशेने चढते आणि फूल उडताना स्वतःभोवती फिरते. वजन पुढे बुचात, तर हवेचा अडथळा मागे पिसांत, म्हणून रॅकेटचा फटका बसताच फूल गर्रकन उलटते आणि बूच पुढे करून धावू लागते.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. दगडाला तो फारसा जाणवत नाही. पाच ग्रॅमच्या पसरट फुलाला मात्र पुरता जखडून टाकतो. साधारण साडेचार मीटर अंतर कापेपर्यंत फुलाचा वेग मूळच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो, आणि पूर्ण कोर्टाची लांबी 13.4 मीटर आहे. म्हणूनच ताशी 400 किलोमीटरहून अधिक वेगाने सुटलेला स्मॅशही, म्हणजे वरून खाली मारलेला जोरदार फटकाही, समोरच्याला परतवता येतो. उंच उडवलेले फूल चेंडूसारखे समतोल कमान काढत नाही. ते वर जाऊन थबकते आणि जवळजवळ सरळ खाली येते. ज्या रोधामुळे हा खेळ खेळण्याजोगा झाला, त्याच रोधामुळे वाऱ्याची हलकी झुळूकही फुलाला ओढून नेते.

निवृत्त अधिकारी मायदेशी परतले. 1875 पर्यंत इंग्लंडमधील फोकस्टन येथे त्यांचा क्लबही निघाला होता. पुढे इंग्लंडमधला हा खेळ छताखाली स्थिरावला. 1893 मध्ये इंग्लंडची बॅडमिंटन संघटना स्थापन झाली आणि नियमांना आजच्यासारखे रूप आले. कोर्ट मात्र 1901 पर्यंत जाळ्यापाशी अरुंद, डमरूसारखे होते. ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी बॅडमिंटन 1992 साली बार्सिलोनात आले. त्याआधीच, 1956 मध्ये, सांगलीच्या नंदू नाटेकरांनी मलायातील (आजच्या मलेशियातील) स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू हा मान मिळवला होता.

बंद सभागृहातही हवेचा हिशेब चुकत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. तिथली हवा मुंबईपेक्षा किंचित विरळ, त्यामुळे तेच फूल तिथे जरा लांब जाते. म्हणून सामन्यापूर्वी खेळाडू मागच्या रेषेवरून खालच्या हाताने पूर्ण ताकदीचा फटका मारून फूल पारखतो. ते पलीकडच्या मागच्या रेषेच्या आत 53 ते 99 सेंटिमीटरवर पडले तरच योग्य ठरते. नाहीतर डब्यातून दुसऱ्या वेगाचे फूल काढले जाते.