व्हॅनच्या टपावर दोनशे वॅट, आणि ते पुरवायचे कसे

गाडीतच राहायचं ठरवलं की विजेचा प्रश्न येतोच आणि बहुतेक जण लगेच विचारतात, सोलर पॅनल किती वॅटचं घेऊ? माझ्या मते हे नंतरचं आहे, आधी चोवीस तासांत आपण किती वॅट-तास खातो ते मोजा (एक वॅटची वस्तू तासभर चालली की एक वॅट-तास), कारण टपावर जागाच एवढीशी असते, छोट्या व्हॅनवर कॅरियर सोडून दोनशे वॅटचं पॅनल बसलं तरी खूप झालं.

आणि ते दोनशे वॅट पण टेस्टमधले, दर चौरस मीटरला 1000 वॅट ऊन आणि सेलचं तापमान 25 अंश धरून काढलेले. मे महिन्यात नागपूर-जळगावकडे टपाच्या पत्र्याला चिकटवलेलं पॅनल सहज 65-70 अंशांवर जातं, सिलिकॉनचा सेल तापला की व्होल्टेज पडतं, दर अंशाला साधारण 0.35 टक्के पॉवर कमी, म्हणजे पंधरा टक्के तर तिथेच गेले. म्हणून पॅनलखाली दोन-तीन इंच मोकळं सोडायचं, हवा खेळली पाहिजे. सगळं वजा जाता चांगल्या उन्हाच्या दिवशी 700-800 वॅट-तास हातात येतात असं धरून चाला.

आता ही वीज जाते कुठे? लोक फ्रिजला आणि पंख्याला दोष देतात, पण मला सगळ्यात जास्त खटकतो तो चालू ठेवलेला इन्व्हर्टर. त्याला काहीही जोडलेलं नसलं तरी हजार-दोन हजार वॅटचा इन्व्हर्टर नुसता जागा राहायला 10 ते 20 वॅट खातो. पंधरा धरा, गुणिले चोवीस तास, झाले 360 वॅट-तास! म्हणजे दिवसभराची जवळपास निम्मी कमाई, आणि त्या बदल्यात काहीच मिळालं नाही. वर लॅपटॉप लावला की बॅटरीचे 12 व्होल्ट आधी 230 करायचे आणि अ‍ॅडॅप्टरने परत खाली आणायचे, दोन्ही वेळा थोडी वीज उष्णता होऊन जाते. त्यापेक्षा 12 व्होल्टवर चालणारा टाइप-सी चार्जर, 12 व्होल्टचा बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, डीसी एलईडी असं सगळं थेट बॅटरीवर घ्या आणि इन्व्हर्टरला हाताशी बटण ठेवा, मिक्सर फिरवायचा तेवढ्यापुरता चालू.

वायरिंगमध्ये पण असंच होतं आणि ते दिसत नाही. 12 व्होल्टला 300 वॅट म्हणजे 25 अँपियर. बॅटरीपासून पाच मीटरवरच्या लोडला 4 स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर जाऊन-येऊन दहा मीटरमध्ये एक व्होल्टच्या वर पडतो, जवळपास 29 वॅट नुसती वायर तापवण्यात जातात. तीच वायर 10 स्क्वेअर एमएमची घेतली की नुकसान निम्म्याहून कमी. वायर महाग आहे, पण इथे काटकसर करू नका.

सावलीचं गणित जरा वेगळं आहे. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात त्यामुळे झाडाच्या एका फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी तेवढाच भाग जात नाही, बायपास डायोडमुळे (सावलीतल्या सेलना वळसा घालून वीज पुढे नेणारा छोटा भाग) सहसा पॅनलचा एक तृतीयांश भाग बाहेर पडतो. उन्हाळ्यात गाडी सावलीत हवी आणि पॅनल उन्हात हवं, ही ओढाताण रोजची, म्हणून लांब वायरचं घडीचं पॅनल मला टपावरच्यापेक्षाही कामाचं वाटतं. हिवाळ्यात तर ते हवंच. पुण्यात डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 48 अंश वर असतो, आडव्या पॅनलला थेट उन्हाचा पाऊण भागच मिळतो, आणि तेच दक्षिणेकडे तोंड करून चाळीसेक अंश कलवलं की फरक लगेच कंट्रोलरवर, म्हणजे पॅनलमधून बॅटरी चार्ज करणाऱ्या डबीवर, दिसतो. मेच्या मध्यात मात्र पुण्यात शून्य सावली दिवस असतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, तेव्हा आडवंच ठेवा.

वापर उन्हाच्या वेळेत ओढा. अकरा ते तीन लॅपटॉप, फोन, कॅमेरा सगळं चार्ज, फ्रिज तेव्हाच जास्त थंड करून आत पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या, रात्री कॉम्प्रेसर कमी वेळा लागतो. प्यायच्या पाण्याला माठ ठेवा, एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना साडेसहाशे वॅट-तासांइतकी उष्णता घेऊन जातं, आणि तेही फुकट. कोकणात दमट हवेत माठ एवढा चालत नाही, देशावर आणि विदर्भात मस्त. स्वयंपाक मात्र गॅसवरच. लिटरभर पाणी इंडक्शनवर उकळायला इन्व्हर्टरसकट शंभरच्या वर वॅट-तास जातात, चहा आणि भात झाला की बॅटरी निम्मी उतरलीच म्हणून समजा.

पावसाळ्यात दाट ढगांत पॅनल रेटिंगच्या दहा-वीस टक्क्यांवर येतं, तिथे गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग, कामाला येतो, त्याची वीज आपल्या बॅटरीत भरणारा 30 अँपियरचा डीसी-डीसी चार्जर असेल तर तासभर ड्रायव्हिंगमध्ये 400 वॅट-तासांच्या आसपास भरतात. आणि स्पिती-लडाखला जाणार असाल तर लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली असताना चार्ज करू नका, कायमची खराब होते, रात्री ती गाडीच्या आत झोपायच्या जागेजवळ ठेवा आणि सकाळी जरा ऊब आल्यावरच पॅनल जोडा.