‘पास आउट’ म्हणजे फक्त बेशुद्ध पडणं? अर्धंच खरं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासांपासून घरच्या ग्रुपपर्यंत एक समज पसरला आहे: ‘पास आउट’ म्हणजे चक्कर येऊन पडणं, शिक्षण पूर्ण होणं हा अर्थ भारतीयांनी मनानं काढला.

ग्वाल्हेरकरांना तरी हे पटू नये. इथून जवळच टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे आणि प्रशिक्षण संपलं की तिथे पासिंग आउट परेड होते. तिथे कुणी बेशुद्ध पडत नाही! सैनिकी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणं, हा ब्रिटिश इंग्रजीतला रुळलेला अर्थ आहे. आपण तो कॉलेजला लावला, एवढंच.

अडचण वाचणारा कोण, यावर येते. अमेरिकन माणसाला ‘आय पास्ड आउट इन 2021’ यात बेशुद्धीच दिसेल. बाहेरच्या अर्जात ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ लिहून पुढे कॉलेजचं नाव द्या. बारावीसाठी ‘आय फिनिश्ड स्कूल’. भारतातल्या नोकरीसाठी ‘2023 पासआउट’ खुशाल चालतं, जाहिरातीच तशा असतात.

खरी चूक वेगळीच, आणि ती फार होते: ‘आय पास्ड आउट द एक्झाम’. परीक्षेला नुसतं ‘पास्ड’. ‘आउट’ जोडून पुढे कर्म आलं की अर्थ वाटप करणं असा होतो. ‘शी पास्ड आउट द पेपर्स’ म्हणजे तिनं पेपर वाटले, ती उत्तीर्ण झाली असं नव्हे.