अल्बिरिओ: रंगांचा निकाल लागला, जोडीचा अजून नाही

पाऊस परतला, दसरा झाला, की मुंबईकर आकाशवेड्यांना मुंबईजवळच्या वांगणी गावातल्या काळोख्या रात्रींचे वेध लागतात. तिथे दुर्बिणीसमोरच्या रांगेत चंद्र आणि शनी यांच्या खालोखाल दाद मिळते ती अल्बिरिओला. हंस तारकासमूहातला, हंसाच्या चोचीवरचा हा तारा. नुसत्या डोळ्यांना एकच दिसतो, तिसऱ्या प्रतीचा म्हणजे मध्यम तेजाचा, सहज नजरेतून सुटेल असा. ६० मिलिमीटरच्या साध्या दुर्बिणीतून तीसेक पट वर्धनाने पाहिला की त्याचे दोन होतात: ठळक तो केशरी झाक असलेला पिवळा आणि मंद तो निळा. वर्धन फार वाढवू नये. तारे लांब सरकले की रंगांतला विरोध फिका पडतो. उलट फोकस किंचित बिघडवला की ठिपक्यांच्या चकत्या होतात आणि निळा रंग चटकन ओळखू येतो.

हे दृश्य बघायला वांगणीलाच जायला हवं असंही नाही. मुंबईच्या उजेडात तेजोमेघ आणि दीर्घिका बुडून जातात, पण जोडताऱ्यांचा प्रकाश एका बिंदूत एकवटलेला असल्याने ते तग धरतात. ऑक्टोबरात संध्याकाळी आठच्या सुमारास अभिजित, श्रवण आणि हंसाच्या शेपटीवरचा डेनेब या तीन ताऱ्यांचा त्रिकोण माथ्यापासून जरा पश्चिमेला कललेला असतो. त्या त्रिकोणाच्या पोटातच अल्बिरिओ सापडतो. दादर-परळमधल्या गच्चीवरूनही तो बघता येतो.

रांगेतला जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, हे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात का? प्रश्न साधा आहे, पण त्याच्यामागे अडीचशे वर्षांहून जास्त काळाचा शोध आहे.

दुर्बीण आल्यानंतर दुहेरी तारे एकेक करून सापडू लागले. त्यातला एक महत्त्वाचा शोध भारतातून लागला, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. १६८९च्या डिसेंबरात पाँडिचेरीहून एका धूमकेतूचा वेध घेताना जेझुइट पाद्री झाँ रिशो याला अल्फा सेंटॉरी हा तारा दुहेरी असल्याचं दिसलं. अल्बिरिओची जोडी १७५५ मध्ये इंग्रज खगोलज्ञ जेम्स ब्रॅडलीने नोंदवली. तेव्हा बहुतेकांची समजूत अशी होती की एक तारा जवळचा, दुसरा कितीतरी लांबचा आणि आपल्या नजरेच्या रेषेत आल्यामुळे ते शेजारी वाटतात. १७६७ मध्ये जॉन मिचेलने संभाव्यतेचं गणित मांडून दाखवलं की योगायोगाने इतक्या जोड्या जमणं शक्य नाही, त्यातल्या बऱ्याच खरोखर एकत्र असल्या पाहिजेत. या माणसाला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळालं नाही असं मला वाटतं.

विल्यम हर्शेल या जोड्यांच्या मागे लागला तो मात्र वेगळ्याच हेतूने. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने वर्षभरात जवळचा तारा लांबच्या ताऱ्याच्या तुलनेत किंचित हलताना दिसायला हवा, आणि त्यावरून ताऱ्याचं अंतर काढता येईल, ही गॅलिलिओची कल्पना त्याला पडताळायची होती. त्यासाठी त्याला नुसत्या दिसण्यापुरत्या जोड्या हव्या होत्या. १७८२च्या यादीत त्याने २६९ जोड्या दिल्या, पुढच्या यादीत आणखी ४३४. हाती मात्र भलतंच लागलं. वीसेक वर्षांनी पुन्हा मोजमापं घेतली तेव्हा मिथुन राशीतल्या कॅस्टरसारख्या काही जोड्यांमधले तारे एकमेकांभोवती फिरत असल्याचं त्याच्या लक्षात आलं, आणि १८०३ मध्ये त्याने ते जाहीर केलं. न्यूटनचं गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही तसंच चालतं याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा.

मग जोडतारे मोजण्याची लाटच आली. विल्हेल्म स्ट्रूव्हच्या १८२७च्या सूचीत तीन हजारांहून जास्त जोड्या होत्या. आपल्याकडे बॉम्बे इंजिनिअर्समधला अधिकारी विल्यम स्टीफन जेकब याने १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटली आणि तिथून २४४ जोडताऱ्यांची सूची केली. वृश्चिकेतला न्यू हा तारा दुहेरी नसून तिहेरी आहे, हेही १८४७ मध्ये त्यानेच दाखवलं. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. पुण्याजवळ डोंगरावर नवी वेधशाळा उभारायची म्हणून ऑगस्ट १८६२ मध्ये तो पुन्हा मुंबई बंदरात उतरला. पुण्याला पोचला खरा, पण आठवड्याभरातच वारला. सह्याद्रीतलं आकाश जोडताऱ्यांसाठी किती चांगलं आहे हे ओळखणारा हा माणूस आपल्याकडच्या आकाशप्रेमींना फारसा माहीत नाही, याची मला हळहळ वाटते.

तोवर अल्बिरिओच्या रंगांवर वेगळाच वाद रंगला होता. भडक पिवळ्याशेजारी पांढरंही निळसर भासतं, तेव्हा हा निळा खरा की डोळ्यांचा भास? १८६४ मध्ये विल्यम हगिन्स आणि विल्यम मिलर यांनी दोन्ही ताऱ्यांचे वर्णपट वेगवेगळे तपासले आणि रंग खरे ठरले. आज कारणही ठाऊक आहे. पिवळा हा फुगलेला राक्षसी तारा आहे, त्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ४,४०० केल्विन, तर निळ्याचं सुमारे १३,०००. शेजाराने विरोध थोडा गडद होतो एवढंच.

१८९७ मध्ये हार्वर्डच्या अँटोनिया मॉरी यांना पिवळ्याच्या वर्णपटात दोन ताऱ्यांच्या खुणा मिसळलेल्या दिसल्या. १९७६ मध्ये नव्या तंत्राने तो साथीदार वेगळा करून दाखवता आला. म्हणजे पिवळा स्वतःच जोडतारा निघाला, फक्त ते दोघे इतके चिकटून आहेत की आपल्या छोट्या दुर्बिणीत ते कधीच सुटे होणार नाहीत.

राहिला पिवळ्या-निळ्याच्या नात्याचा प्रश्न. त्यांच्यातलं आकाशात दिसणारं अंतर सुमारे ३४ आर्कसेकंद (एका अंशाचे ३,६०० आर्कसेकंद), म्हणजे सव्वाशे-दीडशे मीटरवरून रुपयाचं नाणं दिसावं तेवढं, आणि ब्रॅडलीपासून आजवर त्यात जाणवण्याजोगा फरक नाही. पण म्हणून ते फिरत नाहीत असं सिद्ध होत नाही. आपल्यापासून ते साधारण ४०० प्रकाशवर्षांवर आहेत आणि गुरुत्वाकर्षणाने एकमेकांशी बांधलेले असलेच, तर एका फेरीला लाखभर वर्षं लागतील. ताऱ्यांची जागा आणि अंतर मोजणाऱ्या युरोपच्या गाया उपग्रहाच्या २०१८च्या मोजमापांत दोघांच्या आकाशातल्या सरकण्याची दिशा आणि वेग वेगळे आले, त्यामुळे ही जोडी बहुधा दिसण्यापुरतीच असावी या मताला जोर आला. तसं असेल तर हर्शेल ज्या प्रकारच्या जोडीच्या शोधात होता ती त्याला ठाऊक असलेल्या ताऱ्यांत होतीच, आणि तिला नंतरच्या पिढ्यांनी खरी जोडी म्हणून मिरवलं.

पण पिवळा तारा गायासाठी फारच तेजस्वी आहे, आणि चिकटलेल्या साथीदाराभोवती फिरताना तो थोडा डुलतो. त्यामुळे त्याचं अंतर आणि सरकणं दोन्ही बिनचूक मोजणं अवघड जातं. गायाचं निरीक्षण जानेवारी २०२५ मध्ये थांबलं, पण सगळ्या वर्षांच्या मोजमापांचा एकत्रित हिशोब अजून बाहेर यायचा आहे. तोवर रांगेतल्या त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर "बहुधा नाही" हेच.