मार्क कोणी बदलायचे? प्रशिक्षण-सॉफ्टवेअरमधल्या परवानग्यांची पार्श्वभूमी

चाकणजवळच्या एका कारखान्यात मी प्रशिक्षणाचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो, तेव्हाची गोष्ट. शिफ्ट सुपरवायझरला आपल्या माणसांची हजेरी लावता यावी म्हणून आम्ही त्याला ‘टीचर’ करून टाकलं. सॉफ्टवेअरमधल्या भूमिकांच्या यादीत त्याच्या कामाच्या जवळ जाणारं तेवढंच नाव दिसलं. त्या नावाबरोबर परीक्षेच्या सेटिंग्ज बदलायचा अधिकारही त्याच्याकडे गेला, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. महिनाअखेर आली, लाइनवर माणसं कमी पडली आणि क्रेनच्या सुरक्षा चाचणीत पास व्हायला लागणारे गुण ८० वरून ६० वर आले. ऑडिटमध्ये ते उघडकीला आलं, तेव्हा ११ जणांना क्रेनवरून उतरवून पुन्हा परीक्षेला बसवावं लागलं. मी त्या सुपरवायझरला दोष देत नाही. बटण आम्हीच त्याच्यासमोर ठेवलं होतं.

ती भूमिकांची यादी मुळात आली शाळा-कॉलेजांतून, कारखान्यातून नाही. आणि माझ्या मते निम्मी अडचण तिथेच आहे.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही संगणकावर शिकवण्याची यंत्रणा सुरू केली. पुढे ती शेकडो टर्मिनलांवर पसरली, तेव्हा तिथल्या खात्यांचे ठळक प्रकार पडले: धडा लिहिणारा, वर्ग सांभाळणारा आणि शिकणारा. शिकणाऱ्याला धडा वाचता येई, त्यातला प्रोग्रॅम उघडता येत नसे. १९७० च्या दशकात कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनने प्लेटो बाजारात आणली आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणातही नेली. लेखक, शिक्षक, विद्यार्थी हा साचाही तिच्याबरोबर तिथे गेला.

बाकीच्या संगणकांवर तेव्हा वेगळाच विचार चालू होता. युनिक्स या संगणक-प्रणालीत प्रत्येक फाइलला मालक, गट आणि इतर, एवढ्याच पायऱ्या. अमेरिकी संरक्षण खात्याने १९८३ मध्ये सुरक्षेचे निकष छापले, ते मुखपृष्ठाच्या रंगामुळे ‘ऑरेंज बुक’ म्हणून ओळखले जातात. त्यात गोपनीय, अतिगोपनीय अशा लष्करी उतरंडीला मोठं स्थान होतं. वरच्या माणसाला जास्त दिसणार, खालच्याला कमी. आपल्या ऑफिसांना हा विचार फार पटकन पटतो. प्लांट हेडचं खातं उघडताना ‘साहेबांना अ‍ॅडमिनच करून टाका’ असं सहज म्हटलं जातं. साहेबांना खरं तर एक अहवाल बघायचा असतो.

या उतरंडीला नेमकं उत्तर मिळालं १९९२ मध्ये. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून या अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या दोघांनी एक शोधनिबंध मांडला. परवानगी माणसाला द्यायची नाही, भूमिकेला द्यायची आणि माणसाला त्या भूमिकेवर नेमायचं, हा त्याचा गाभा. उदाहरण त्यांनी रुग्णालयाचं घेतलं. डॉक्टर औषध लिहून देतो. फार्मासिस्ट ते औषध देतो, पण लिहून देऊ शकत नाही. इथे मोठा कोण, छोटा कोण हा प्रश्नच येत नाही, प्रश्न फक्त काम कोणाचं एवढाच. आयआयटी मुंबईतून बी. टेक. झालेले रवी संधू यांनी १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह या कल्पनेचे चार नमुने रेखाटले आणि २००४ मध्ये तिला अमेरिकी मानकाचा दर्जा मिळाला. पवईहून निघालेल्या माणसाचा हात या पायाला लागला आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

प्रशिक्षणाच्या सॉफ्टवेअरपर्यंत हे पोचायला वेळ लागला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डुगियामास यांनी ‘मूडल’ या ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती २००२ मध्ये आणली, तेव्हा भूमिका ठरीव होत्या. नवी भूमिका हवी असेल तर प्रोग्रॅमलाच हात घालावा लागे. नोव्हेंबर २००६ मध्ये १.७ आवृत्ती आली आणि एकेक काम सुटं झालं: परीक्षा बदलणं वेगळं, निकाल पाहणं वेगळं, दुसऱ्या गटाची नावं दिसणं वेगळं. अशा परवानग्या आज शेकड्यांनी आहेत. प्रत्येकीला अख्ख्या साइटवर, एका कोर्सवर किंवा एकाच चाचणीपुरतं ‘अलाव’ (परवानगी), ‘प्रिव्हेंट’ (रोखणं) किंवा ‘प्रोहिबिट’ (सक्त मनाई) म्हणता येतं. शेवटच्या दोघांत लोक नेहमी गोंधळतात. वर लावलेलं प्रिव्हेंट खालच्या पातळीवर उठवता येतं. प्रोहिबिट एकदा लागलं की खाली कुठेही उठत नाही, आणि त्या माणसाकडे दुसरी मोठी भूमिका असली तरीही उठत नाही.

तरी एक माणूस या चित्रात नव्हताच. शाळेत शिक्षक शिकवतो आणि मार्कही तोच बघतो. कंपनीत शिकवणारा वेगळा, आणि ‘माझ्या टीममध्ये कोणाचं राहिलंय?’ विचारणारा साहेब वेगळा. त्याला काहीच शिकवायचं नसतं, फक्त स्वतःच्या माणसांचं बघायचं असतं. ही सोय आत घेणारं ‘मूडल वर्कप्लेस’ २०१९ मध्ये आलं. त्यात विभाग आणि पदं आधी मांडायची, मग कोणाला कोणाचे अहवाल दिसणार ते त्यावरून ठरतं.

औषध कंपन्यांना मात्र हा विचार आधीच करावा लागला होता. अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएचा ‘पार्ट ११’ हा इलेक्ट्रॉनिक नोंदींचा नियम १९९७ चा. अधिकार असलेल्यालाच यंत्रणेत शिरता यावं, प्रत्येक कृतीआधी तो अधिकार तपासला जावा, आणि कोणी कधी काय बदललं याची वेळेसकट आपोआप नोंद राहावी, असं तो सांगतो. प्रशिक्षणाच्या नोंदीही तपासणीत मागितल्या जातात. त्यामुळे गोव्यातल्या वेर्ण्यात किंवा तारापूरला बसून अमेरिकेला गोळ्या पाठवणाऱ्यांना परवानग्यांचा तक्ता कागदावर तयार ठेवावाच लागतो.

आमच्याकडे असा तक्ता त्या ऑडिटनंतर बनला. ‘शिफ्ट सुपरवायझर’ नावाची नवी भूमिका केली. तिच्यात दोनच गोष्टी: हजेरी लावणं आणि आपल्या गटाचा निकाल पाहणं. परीक्षेच्या सेटिंग्जवर कायमची मनाई. पास व्हायचे गुण आता फक्त सुरक्षा अधिकारी बदलू शकतो, तेही कारण लिहून. तोच सुपरवायझर आजही रोज सकाळी सात वाजता हजेरी लावतो, आणि क्रेनच्या कोर्समध्ये त्याचं स्वतःचं नाव शिकणाऱ्यांच्या यादीत आहे.